दारिद्र्य आणि दारिद्र्याची भीती

कुरआन मजीदमध्ये संततीच्या हत्येस मनाई करणाऱ्या दोन आयती परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की घाईने तिलावत करणाऱ्याला त्यांतील भेद जाणवतही नाही. एक सूरह अल-अनआममधील १५१ वी आणि दुसरी सूरह बनी इस्राईलमधील ३१ वी. हिफ्जच्या वर्गात आम्हा मुलांची या दोन जागी हमखास गल्लत होई. एका सूरहचे शब्द दुसरीत शिरत आणि उस्ताद थांबवून पुन्हा मागून म्हणायला लावत. त्या वयात ती केवळ पाठांतराची चूक वाटे. पुढे तफसीर शिकताना उमगले, की त्या भेदात दोन निरनिराळ्या घरांचे वर्णन आहे.

पहिल्या आयतीत हत्येचे कारण 'इमलाक', म्हणजे दारिद्र्य, असे आले आहे. दुसरीत 'खश्यत-ए-इमलाक', म्हणजे दारिद्र्याची भीती, असे आहे. पहिलीत अल्लाह आधी आईबापांना उपजीविकेची ग्वाही देतो आणि मग त्यांच्या मुलांना. दुसरीत आधी मुलांना आणि मग आईबापांना. इमाम इब्ने कसीर (रह.) आदी मुफस्सिरांनी याचा उलगडा असा केला आहे, की पहिल्या घरात गरिबी आजच नांदते आहे, म्हणून तिथे आईबापांच्या आजच्या घासाची चिंता प्रथम दूर केली; दुसऱ्या घरात आज सारे ठीक आहे, पण उद्या येणारे मूल आपल्याला गरीब करील असे भय आहे, म्हणून तिथे त्या मुलाच्या रिज्काची हमी आधी दिली.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ही दोन्ही घरे मला नित्य भेटतात. त्यांच्याविषयी लिहिण्याचे निमित्त म्हणजे जुम्याच्या नमाजनंतर वारंवार विचारला जाणारा प्रश्न. एखादा तरुण विचारतो, "मौलाना, रिज्कची जबाबदारी अल्लाहने घेतली आहे, मग मुले मोजून जन्माला का घालायची?" दुसरा लगेच म्हणतो, "आहे त्यांनाच पुरत नाही, आणखी कुठून आणायचे?" आणि वर्तमानपत्र वाचणारा तिसरा विचारतो, की आमच्या समाजाला सोयीसवलती मिळाल्या तर आमची संख्या आणखी वाढेल असे जे बोलले जाते, त्यात तथ्य किती? या तिन्ही प्रश्नांच्या बुडाशी एकच प्रश्न आहे. साधने हाती आली म्हणजे माणसे वाढतात की कमी होतात?

सन १७९८ मध्ये थॉमस माल्थस या इंग्रज विचारवंताने याचे ठाम उत्तर दिले होते. (तोही धर्मोपदेशकच होता, हे आमच्या वर्गातील लोकांनी ध्यानात ठेवावे!) अन्न वाढले की माणसे वाढतात आणि अन्नाला मागे टाकेपर्यंत वाढत राहतात, असे त्याचे म्हणणे. आमच्या भागात हा नियम तंतोतंत लागू पडल्याचे एक उदाहरण आहे, पण ते माणसांचे नाही. ते बिबट्याचे आहे. कालव्याचे पाणी आले, उसाचे क्षेत्र वाढले, उसाच्या फडात बारमाही आडोसा मिळाला, वस्तीभोवती कुत्री, शेळ्या, डुकरे असे भक्ष्य मिळाले आणि बिबट्याची मादी जंगलाऐवजी उसातच पिले घालू लागली. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आज महाराष्ट्रभर ठाऊक आहे. ऊसतोडीच्या वेळी बछडे सापडल्याची बातमी आता कोणाला नवी वाटत नाही, आणि ज्यांच्या घरचे मूल बिबट्याने नेले त्यांच्या दुःखाला तर पारावार नाही.

त्याच पाण्यावर, त्याच शिवारात राहणाऱ्या माणसांनी मात्र उलटी वाट धरली. २००१ ते २०११ या दशकात पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. जुन्नर तालुक्याची वाढ दहा टक्केही नव्हती, आंबेगावची दहाच्या आसपास होती. यातील काही भाग स्थलांतराचा आहे, हे मान्य केले पाहिजे. आमची माणसे पिंपरी-चिंचवड, चाकण आणि मुंबईला जातात. मुंबईच्या डबेवाल्यांत या पट्ट्यातील घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. परंतु केवळ जाण्याने हे घडले नाही. ज्या घरात आजोबांना आठ भावंडे होती, त्या घरात नातवाला एक बहीण आहे, हे नारायणगावच्या किंवा मंचरच्या कोणत्याही गल्लीत दिसेल. अन्न वाढले आणि पाळणे कमी हलू लागले. माल्थसने असे सांगितले नव्हते.

असे का घडले, हे कळण्यासाठी या तालुक्यांचा उतार ध्यानात घ्यावा लागतो. पश्चिमेला सह्याद्री, मुसळधार पाऊस, भात, नाचणी, वरई आणि हिरड्याची झाडे. तिथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी बांधवांच्या वाड्या. पूर्वेला पाऊस कमी, पण जमीन सपाट. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. त्यांचे पाणी पूर्वेकडे वाहत शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि थेट सोलापूरच्या करमाळ्यापर्यंत जाते. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते गावच डिंभ्याच्या जलाशयात बुडाले. ज्यांच्या डोंगरावर पाऊस पडतो, त्यांच्यापैकी अनेकांची भातखाचरे पाण्याखाली गेली आणि उरलेल्यांच्या वाडीवर उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट आली. पूर्वेला त्याच पाण्यावर ऊस, टोमॅटो, कांदा पिकला आणि पश्चिमेची माणसे तिथे मजुरीला उतरू लागली.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे मदीनेच्या खडकाळ भागातील पाटाच्या पाण्याचा एक तंटा आला होता. हजरत जुबैर (रजि.) यांची जमीन वरच्या अंगाला होती, एका अन्सारी शेतकऱ्याची खालच्या अंगाला. प्रेषितांनी निवाडा दिला, की वरच्याने आधी आपली बाग भिजवावी आणि मग पाणी शेजाऱ्यासाठी सोडावे. फिक्हच्या ग्रंथांत सिंचनाच्या हक्काचे सारे विवेचन या निवाड्यापासून सुरू होते. वरच्याचा हक्क पहिला आहे, पण अडवून ठेवण्याचा हक्क कोणालाच नाही. आमच्याकडे वरच्याचा हक्क पहिला तर नाहीच, कित्येक वाड्यांना तो शेवटचाही मिळालेला नाही. पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्व लोक भागीदार आहेत, ही हदीस मी जेव्हा खुत्ब्यात सांगतो तेव्हा मला डिंभ्याचा काठ आठवतो.

आता पाण्याचा पाळण्याशी संबंध काय? साधने म्हणजे केवळ धान्य नव्हे. साधने म्हणजे घरापाशी पाणी, पोहोचण्याजोगा दवाखाना, मुलीला चालत जाता येईल अशी शाळा आणि म्हातारपणी हाती राहणारा काही आधार. यांपैकी एकही ज्या घरात नाही, तिथे मूल हेच एकमेव साधन असते. ते हंडा आणते, शेळ्या राखते, धाकट्याला कडेवर घेते, आठव्या-दहाव्या वर्षी मजुरीला लागते आणि आईबाप थकल्यावर भाकरी देते. जुन्नर गाव एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. जुन्नरी कागद दूरवर जाई आणि आमच्यातील कागदी कुटुंबे तो बनवीत. तशा कारखानदारीत जितके हात तितका माल. मूल खाण्याआधी कमावू लागे. यंत्राच्या कागदाने तो धंदा बुडवला, तरी हातांचा हिशेब घरांच्या मनातून पिढी-दोन पिढ्या गेला नाही.

आणि त्या हिशेबात मृत्यू धरावा लागे. एका वयोवृद्ध खालांना मी सहज विचारले होते, की आपल्याला अपत्ये किती. त्या म्हणाल्या, "झाली नऊ, राहिली चार." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पेरलेले आणि उगवलेले यांचा फरक सांगावा तसे त्या सांगत होत्या. १९७१ च्या सुमारास भारतात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी जवळजवळ १३० बालके वर्षाच्या आत मरत. २०२० मध्ये हा आकडा देशात २८ वर आणि महाराष्ट्रात १६ वर आला. चार जगावीत म्हणून नऊ जन्माला घालावी लागतात, तेव्हा त्या आईला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिने आपल्या जगातील सर्वांत शहाणा मार्ग निवडलेला असतो.

लोकसंख्या फुगते ती मधल्या काळात. लस येते, सलाईन येते, रेशन येते. मृत्यू आधी घटतात आणि जन्म मात्र जुन्या सवयीनेच होत राहतात. मुले आता जगतात यावर आयांचा विश्वास बसायला एक पिढी लागते. १९११ ते १९२१ या दशकात, १९१८ च्या तापाच्या साथीमुळे, भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली होती. १९५१ मध्ये आपण ३६ कोटी होतो आणि २०११ मध्ये १२१ कोटी झालो. लोक अधिक मुले जन्माला घालू लागले म्हणून हे झाले नाही. जन्मलेली मुले मरेनाशी झाली म्हणून झाले. जो समाज या मधल्या काळात उशिरा शिरला, तो उशिरा बाहेर पडतो. आमच्या समाजाचे नेमके तेच झाले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये भारतीय मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ अपत्ये होत. २०१९-२१ मध्ये ही सरासरी २.४ वर आली. सर्व समाजांची मिळून ती २.० आहे, महाराष्ट्राची १.७. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीची २.८ आणि बारावी व त्यापुढे शिकलेल्या स्त्रीची १.८. केरळमधील मुस्लिम स्त्रीला होणारी सरासरी अपत्ये बिहारमधील हिंदू स्त्रीपेक्षा कमी आहेत. तिसऱ्या प्रश्नकर्त्या तरुणाला मी हेच आकडे दाखवले.

मुस्लिम जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. इराणमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी एका स्त्रीला सहाहून अधिक मुले होत. खेडोपाडी आरोग्यगृहे उघडली, मुली शाळेत गेल्या, १९८९ नंतर शासनाने उलेमांच्या संमतीने कुटुंबनियोजनाची साधने उपलब्ध केली आणि शतक संपता संपता ही संख्या दोनच्या जवळ आली. बांगलादेशात स्त्री आरोग्यसेविका घरोघर गेल्या, अतिसार झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे हे आयांना शिकवले गेले. तिथेही सात-एक मुलांवरून दोन-अडीचपर्यंत संख्या उतरली. नायजर या वाळवंटी देशात मात्र ती दशकानुदशके सातच्या आसपास राहिली. तिघांचा कलमा एक, कुरआन एक. फरक पडला तो आईच्या हाताशी काय होते, याने.

मग रिज्कच्या ग्वाहीचे काय? सूरह हूदच्या सहाव्या आयतीत पृथ्वीवरील प्रत्येक प्राण्याच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने स्वतःवर घेतली आहे, आणि त्यावर श्रद्धा नसेल तर ईमानच अपुरे आहे. पण ही जबाबदारी आकाशातून थेट पानावर वाढली जात नाही. तवक्कुल शिकवताना प्रेषितांनी पक्ष्यांचा दाखला दिला, तेव्हा पक्षी सकाळी रिकाम्या पोटी घरट्याबाहेर निघतात हेही सांगितले. घरट्यात बसून राहणाऱ्या पक्ष्याची हदीस नाही. आणि कित्येकदा एकाचे रिज्क अल्लाहने दुसऱ्याच्या हाती ठेवलेले असते. ते पुढे पोहोचले नाही तर दोष ग्वाहीचा नाही, हाताचा आहे.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक प्रसंग इतिहासग्रंथांतून आला आहे, तो मला या विषयातील सर्वांत मोलाचा धडा वाटतो. बैतुलमालमधून त्यांनी मुलांसाठी वजिफा ठरवला होता, पण तो दूध सुटलेल्या मुलांनाच मिळे. एका रात्री ते मदीनेबाहेर उतरलेल्या व्यापाऱ्यांच्या तळावर पहारा देत होते. एक तान्हे मूल सारखे रडत होते. दोनदा-तीनदा जाऊन त्यांनी आईला समज दिली. अखेर ती वैतागून म्हणाली, की मी याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध पिणाऱ्या मुलांना काही देत नाही. कोणाशी बोलतो आहोत हे तिला ठाऊक नव्हते. फजरच्या नमाजमध्ये खलिफांना रडण्यामुळे किरात स्पष्ट म्हणता येईना. नमाजनंतर त्यांनी फर्मान काढले, की मुलांचे दूध घाईने तोडू नका. आजपासून जन्मलेल्या प्रत्येक बालकाला जन्मापासून वजिफा मिळेल.

या प्रसंगाकडे आपण खलिफांच्या दयाळूपणाची कथा म्हणून पाहतो. त्यात आणखीही काही आहे. वाटपाच्या एका नियमाने शेकडो घरांतील बाळांचे दूध तुटत होते. दूध लवकर तुटले की बाळ अशक्त होते आणि आई लवकर पुन्हा गरोदर राहते, हे आज कोणतीही आशाताई सांगेल. सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीने स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आणि दूध सोडवण्याचा निर्णयही पती-पत्नींच्या परस्पर विचारविनिमयावर सोपवला. हजरत उमर यांनी त्या आईला कुरआनची आयत ऐकवली नाही. तिला ती आयत पाळता यावी एवढे साधन तिच्या घरी पोहोचवले.

गर्भधारणा लांबवण्याविषयी शरीअतचा हुकूम विचारणाऱ्यांना मी जे सांगतो, ते इथेही नमूद करतो. हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार कुरआन अवतरत असतानाच्या काळात सहाबा अज्ल करीत असत, नापसंती दर्शवणारी हदीसही आहे आणि उलेमांत मतभेद आहेत. इमाम गजाली (रह.) यांनी अधिक मुलांमुळे येणारी ओढाताण टाळण्याचा हेतू निषिद्ध मानला नाही; पूर्ण तवक्कुलचा दर्जा त्याहून वरचा आहे, हेही त्यांनी सांगितले. पती-पत्नी दोघांच्या संमतीने, आईच्या प्रकृतीसाठी किंवा दोन मुलांत अंतर राहावे म्हणून तात्पुरती साधने वापरण्यास बहुसंख्य मुफ्ती परवानगी देतात. गरजेवाचून कायमची नसबंदी आणि गर्भपात यांना देत नाहीत. माझ्या मते आजच्या आमच्या बहुतेक आयांना प्रश्न हुकुमाचा नाहीच. अशक्त शरीराने वर्षाआड येणारे बाळंतपण त्यांना नको असते, पण दवाखान्यात जायला सोबत नसते आणि घरात विचारायला तोंड नसते.

बळजबरीने हे होत नाही, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक आपल्या विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. पण त्या दिवसांच्या धाकाने सरकारी दवाखान्याविषयी जो अविश्वास बसला, तो जायला फार वर्षे लागली आणि लसीकरणाच्या वेळीही तो आड आला. जे पुढे आशाताईंच्या शांत फेऱ्यांनी आणि मुलींच्या शाळांनी साधले, ते त्या धाकाने साधले नव्हते.

इथवर पहिल्या आयतीतील घर झाले. दुसऱ्या आयतीतील घर पूर्वेला आहे, कालव्याच्या काठी. तिथे पाणी आहे, दवाखाना आहे, पोरगी शाळेत जाते. अपत्ये दोनच आहेत. मात्र ती दोन कोणती असावीत, हे जन्माआधी ठरवण्याची साधनेही पैशाबरोबर आली. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, तरी सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. हा घाट गरिबीने नव्हे, उद्याच्या भीतीने घातलेला आहे. लग्नाचा खर्च, हुंडा, जमिनीचे तुकडे. खश्यत-ए-इमलाकचा याहून नेमका अर्थ मला कोणत्याही तफसीरमध्ये सापडलेला नाही. आपल्या समाजात हे नसते, असे म्हणून मोकळे होऊ नये. जहेजच्या याद्या मी निकाहाच्या आदल्या रात्री पाहिल्या आहेत.

आणि या भीतीचे मूळ ज्या गोष्टीत आहे, ती शरीअतने चौदाशे वर्षांपूर्वी हातात ठेवलेली असून आपणच बाजूला सारली. सूरह अन-निसाच्या ११ व्या आयतीने मुलीचा वाटा ठरवून दिला. आमच्याकडे वडिलांचा चाळीसावा उरकतो न उरकतो तोच बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला तहसिलीत नेले जाते. साडी, जेवण आणि 'माहेर तुटू देऊ नको' एवढ्यावर कालव्याकाठची जमीन भावांच्या नावे होते. ज्या स्त्रीच्या नावावर काहीच नाही, तिच्या म्हातारपणाचा विमा म्हणजे मुलगा. तो होईपर्यंत ती थांबू शकत नाही. तिला दोन मुलांची महती सांगणारा सरकारी फलक आणि तवक्कुलची महती सांगणारा माझ्यासारखा मौलवी, दोघेही तिच्या अडचणीला हात लावीत नाहीत.

म्हणून अलीकडे मी वडील वारलेल्या घरी ताजियतला गेलो, की वारसनोंदीचा विषय काढतो. बहुतेक जण 'बघू, मौलाना' म्हणतात. काहींना तो आगाऊपणा वाटतो. एका ठिकाणी मला पुढच्या वेळी बोलावलेच नाही. एका भावाने मात्र तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर दोन्ही बहिणींची नावे आपल्या नावासोबत लावली आणि ती तशीच राहू दिली. धाकट्या बहिणीच्या वाट्याला एकरभरही रान आले नाही. ती ते भावाकडेच वाट्याने कसायला देते आणि टोमॅटोचे पैसे आले की तिचा हिस्सा तिच्या खात्यावर जमा होतो. तिला तीन मुलीच आहेत. चौथ्या खेपेसाठी सासरी विषय निघत असे. आता तो कोणी काढत नाही.